अरे, आवाज कोणाचा?

दरवर्षी ऑगस्टात सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका सुरू झाल्या की आसपासच्या गल्ल्यांना एक आरोळी हमखास ऐकू येते, ‘अरे, आवाज कोणाचा?’ महाराष्ट्रीय कलोपासक ही स्पर्धा 1963 पासून भरवते आहे. कॉलेजची पोरं घसा फुटेपर्यंत हा प्रश्न विचारतात आणि पुढच्याच श्वासात आपल्या कॉलेजचं नाव घेऊन उत्तरही देऊन टाकतात. आवाजाच्या मालकीचा इतका झटपट निकाल पुण्यात दुसरीकडे कुठेही लागत नाही. मोटरसायकलचं ऑइल बदलून आणल्यावर तिच्यातून जो आवाज यायला लागतो, त्याचा तर वर्षानुवर्षं लागत नाही.

वास्तविक ऑइल बदलणं हा गाडीवर होणारा सगळ्यात निरुपद्रवी उपचार. इंजिनाच्या खालचा एक नट सोडायचा, काळं ऑइल घमेल्यात गळू द्यायचं, नट आवळायचा, वरून नवं सोनेरी ऑइल ओतायचं, झाकण लावायचं. एक भोक खाली, एक भोक वर. मधल्या इंजिनाला कोणी बोटही लावत नाही. तरीही ऑइल बदलून घरी पोचेपर्यंत ज्याला एकही नवा आवाज ऐकू आला नाही, असा दुचाकीस्वार मला पुण्यात अजून भेटायचा आहे. भेटलाच तर त्याला कमी ऐकू येत असेल किंवा गाडी ऑफिसची असेल.

याचं कारण लोक इंजिनात शोधतात आणि फसतात. माझ्या मते कारण महसुली आहे. सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवसापर्यंत गाडीतला प्रत्येक आवाज मालकाच्या नावावर असतो. मडगार्ड खडखडतं, स्टँड खणखणतो, ब्रेक लावला की मागून कोणीतरी हुंदका देतं. पण ही सगळी वहिवाटीची मिळकत, तिच्याबद्दल कोण तक्रार करणार? मेकॅनिकच्या हातावर पैसे ठेवले की मात्र सातबाऱ्यावरून आपलं नाव कमी होऊन त्याचं चढतं, अशी प्रत्येक गिऱ्हाइकाची पक्की समजूत असते. इथून पुढे गाडीतून जे काही वाजेल ते त्याचं. मेकॅनिकला हा फेरफार कधीच मंजूर नसतो, आणि सगळा तंटा तिथून सुरू होतो.

माझ्या दीडशे सीसीच्या गाडीच्या बाबतीत तो गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस सुरू झाला. गॅरेज एरंडवण्यात, एका पिंपळाखाली. मालकांना सगळे मामा म्हणतात. मामा मला काका म्हणतात, वास्तविक त्यांचं वय माझ्याहून जास्त आहे. पण गॅरेजमध्ये नाती वयावरून नव्हे, गाडीवरून ठरतात. नवी स्पोर्ट्स बाइक असेल तर ‘सर’, ॲक्टिव्हा असेल तर ‘ताई’, आणि दहा वर्षांची गाडी असेल तर मालक पंचविशीचा असला तरी ‘काका’.

“काका, मक्खन झालीये गाडी,” मामा म्हणाले. “मी स्वतः ट्रायल मारलीय.”

म्हात्रे पुलापर्यंत गाडी खरोखरच मक्खन होती. पूल ओलांडून आलो, वळसा घालून कर्वे रस्त्याला लागलो आणि नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबलो. वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, खाली आम्ही. लाल आकडे उलटे मोजत होते. एवढ्यात गुडघ्याच्या आतल्या बाजूने, टाकीखालून कुठून तरी आलं: टिक्, टिक्, टिक्‌टिक्, टिक्.

हा आवाज काल नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकतो. काल मी ऐकतच नव्हतो, हेही शपथेवर सांगता येईल, पण ते मला कोणी विचारलेलं नाही.

इतर शहरांत असा प्रसंग माणूस एकट्याने सोसतो. पुण्यात तशी सोय नाही. 2018 मध्ये इथल्या वाहनांचा आकडा लोकसंख्येच्या पुढे गेल्याची बातमी आली होती. तज्ज्ञ मेकॅनिकांची मोजणी त्या वेळी झाली नाही, नाहीतर तोही आकडा लोकसंख्येच्या बरोबरीला आला असता. सिग्नल सुटायच्या आत डावीकडचे गृहस्थ माझ्या इंजिनाकडे मान झुकवून म्हणाले, “टॅपेट वाजतंय.” उजवीकडचा तरुण हेडफोन काढून म्हणाला, “टॅपेट नाही, टायमिंग चेन.” मागून कोणी म्हणालं, ऑइल कमी टाकलंय, दुसरा आवाज म्हणाला, जास्त टाकलंय. हे शेवटचे दोघे एकाच स्कूटरवर होते.

आवाज नीट ऐकायचा असेल तर गाडी भिंतीच्या कडेकडेने न्यावी, असा एक जुना उपाय आहे आणि तो खरा आहे. मोकळ्या रस्त्यावर पसरून जाणारा आवाज भिंतीवर आपटून परत कानात येतो. पुण्यात त्यासाठी उत्तम जागा म्हणजे लॉ कॉलेज रस्त्यावरची फिल्म इन्स्टिट्यूटची भिंत. प्रभात स्टुडिओच्या जागेत 1960 साली सुरू झालेल्या या संस्थेत आवाज कसा पकडायचा, कसा वेगळा काढायचा याचं रीतसर शिक्षण देतात. ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी इथलेच विद्यार्थी. भिंतीच्या पलीकडे ते, अलीकडे दुसऱ्या गिअरमध्ये मान तिरकी करून जाणारे आम्ही. येरवडा कारागृहाची भिंत याहून सोयीची आहे, पण तिच्या कडेने पहाटे इंजिन चालू ठेवून रेंगाळणाऱ्या माणसाला लोक टॅपेटपेक्षा वेगळे प्रश्न विचारतात.

दुसरी अडचण हेल्मेटची. ते घातलं की टिकटिक ऐकू येत नाही, काढलं की पोलीस दिसतो. 2019 च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्ती कडक झाली तेव्हा शहरात केवढा गहजब झाला. मानेच्या मणक्यांपासून व्यक्तिस्वातंत्र्यापर्यंत सगळे मुद्दे मांडून झाले. हेल्मेटमुळे स्वतःच्या गाडीचं टॅपेट ऐकू येत नाही, हा एकमेव बिनतोड मुद्दा मात्र कोणाला सुचला नाही. आणि ज्यांना गाडीत काहीच बिघडलेलं नाही असं मानून शांतपणे जगायचं आहे, त्यांनी कसबा पेठेत तांबट आळीतून गाडी न्यावी. हातोडीखाली तांब्याची पातेली आकार घेत असताना कोणत्याही इंजिनात कसलाही दोष ऐकू येत नाही.

खरं तर या बाबतीत पुण्याएवढी नशीबवान जागा देशात नसेल. वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था 1966 पासून उभी आहे. देशातल्या गाड्या तिथे तपासायला येतात आणि त्यांचे आवाज मोजायला खास प्रयोगशाळा आहे. 80 ते 175 सीसीच्या नव्या मोटरसायकलने रस्त्यावरून जाताना 77 डेसिबलच्या वर आवाज करू नये, असा नियम आहे. म्हणजे मामांच्या गॅरेजपासून फार लांब नाही अशा ठिकाणी अत्यंत महागडी यंत्रं गाड्यांचे आवाज ऐकत बसलेली आहेत. पण तिथे आवाज किती, एवढंच मोजतात. कोणाचा, हे मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

त्यामुळे पिंपळाखालीच परत जावं लागलं.

गाडी गॅरेजसमोर उभी केली, मामांनी हात पुसत कान दिला आणि टिकटिक थांबली. पाहुण्यांसमोर ‘म्हणून दाखव’ म्हटल्यावर आईच्या पदराआड जाणारं पोर जसं वागतं, तसं इंजिन वागलं. रेस करून पाहिली, बंद करून चालू केली, मामांचा पोरगा बसून चौकापर्यंत जाऊन आला. काही नाही. आता माझ्यापुढे एकच मार्ग उरला आणि तो प्रत्येक गिऱ्हाइकावर कधी ना कधी येतो: आवाज स्वतः काढून दाखवणं.

“टिक्... टिक् नाही, थोडं टक्‌च्या बाजूला. टिक्क. आणि गरम झाल्यावर मग टिकिटिक टिकिटिक.”

शेजारच्या बाकावर वाट बघत बसलेल्या एका सभ्य गृहस्थांनी एवढ्यात स्वतःहून “माझ्या गाडीत कुईंऽऽ असं होतं, पण फक्त वळताना” हे साभिनय सादर केलं. वळताना म्हणून ते स्वतःही जरा कलले. त्यांच्या पलीकडे एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब होते, त्यांनी ‘घुर्रर्र, खट’ असा दोन अंगांचा आवाज काढला. ‘खट’ला पायाची साथ होती. भरत नाट्य मंदिरात यापेक्षा कमी तयारीवर अभिनयाची बक्षिसं मिळालेली मी पाहिली आहेत.

यात लाजण्यासारखं काही नाही. अमेरिकेत याच गोष्टीवर एक अख्खा रेडिओ कार्यक्रम पंचवीस वर्षं देशभर चालला. ‘कार टॉक’ हे त्याचं नाव. 1987 ते 2012 या काळात टॉम आणि रे मॅग्लिओझी हे दोघे भाऊ दर आठवड्याला नॅशनल पब्लिक रेडिओवर बसायचे आणि देशभरातली शहाणीसुरती माणसं त्यांना फोन करून आपल्या गाडीचे आवाज तोंडाने काढून दाखवायची. दोघेही एमआयटीचे पदवीधर होते. कोथरूडच्या नव्हे, तिकडच्या. एवढी पदवी असूनही निदान करण्याआधी ते पोट धरून हसत. मामा हसत नाहीत. मामांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, म्हणून मी त्यांना मोठे मानतो.

मामांची पद्धत प्रश्नांची. थंड असताना येतो की गरम झाल्यावर? जागेवर रेस केली तर येतो की गाडी पळतानाच? क्लच दाबला की जातो का? हे प्रश्न वेळ काढण्यासाठी नसतात. जागेवर रेस केल्यावर वाढणारा आवाज इंजिनाचा. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा आणि रेसला दाद न देणारा असेल तर तो चेनचा, चाकाचा किंवा ब्रेकचा. क्लच दाबल्यावर गप्प होणारा आवाज क्लच आणि गिअरबॉक्सच्या घरातला. एवढ्या तीन प्रश्नांत निम्मं इंजिन निर्दोष सुटतं. उरलेल्या निम्म्यासाठी मामांनी भला मोठा स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनाच्या हेडवर टेकवलं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावून डोळे मिटले. गाडी नेमकी तेव्हा पुन्हा टिकटिकायला लागली होती. डॉक्टरांनाही न साधणारी शांतता त्यांच्या चेहऱ्यावर पसरली. पोरगा थांबला. कुईंवाले गृहस्थ थांबले.

“टॅपेट,” मामा म्हणाले.

दुचाकीच्या वैद्यकात ‘टॅपेट’ या निदानाचं स्थान फार वरचं आहे. त्यात माहिती आहे, दिलासा आहे, शिवाय ‘यात माझा हात नाही’ हेही आहे. आमच्या वडिलांच्या पिढीला हे निदान ठाऊकच नव्हतं. 1972 साली आलेली लूना, त्याच साली आलेली बजाजची चेतक, मग यझ्दी, राजदूत, पुढे आरएक्स हंड्रेड, ही सगळी टू-स्ट्रोक घराणी. त्यांच्या इंजिनात व्हॉल्व्हच नसत, मग टॅपेट कुठून असणार? इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचं आणि ते बिचारं जळून निळ्या धुरात निघून जायचं. बदलण्याचा प्रश्नच नव्हता. गिअरबॉक्सला वेगळं ऑइल असे, पण त्याची आठवण गाडी विकायला काढल्यावर होई. वडील चेतक सुरू होत नसली की तिला एका कुशीवर कलती करून पुन्हा उभी करत आणि किक मारत. त्या आवाजात आणखी कुठला आवाज मिसळला असता तर तो ऐकू येणंच शक्य नव्हतं. फोर-स्ट्रोक होती ती बुलेट. पण बुलेटवाल्याने आवाजासाठीच पैसे मोजलेले असत, त्यामुळे तो तक्रार करत नसे. 1985 मध्ये हीरो होंडाची सीडी हंड्रेड आली, रस्त्यावर शांत फोर-स्ट्रोक गाड्या धावायला लागल्या, आणि त्या शांततेत मध्यमवर्गाला पहिल्यांदा टॅपेट ऐकू आलं.

टॅपेटची टिकटिक म्हणजे काय? व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेत एक बारीक फट मुद्दाम ठेवलेली असते, साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासची. धातू तापला की फुगतो, त्याला जागा हवी म्हणून. ती फट दर फेऱ्याला मिटते तेव्हा ‘टिक्’ होतं. फट थोडी वाढली की टिकटिक वाढते. पण आवाज जावा म्हणून ती फार आवळली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. म्हणून मामांनी जे सांगितलं ते मी भिंतीवर लावण्याच्या लायकीचं समजतो: “वाजतंय तोवर चांगलं, काका. गप्प झालं की घेऊन या.”

“पण ऑइल बदलल्यावरच कसं वाजायला लागलं?”

या प्रश्नावर मामा बोलायला लागले आणि मला प्रथमच कळलं की दोन भोकांच्या या उपचारात किती भानगडी होऊ शकतात. पहिली ग्रेडची. 20 डब्ल्यू 40 ची सवय असलेल्या इंजिनात 10 डब्ल्यू 30 ओतलं की ऑइल पातळ पडतं, सकाळी लवकर वर चढतं, पण आधीच्या जाड ऑइलने दाबून ठेवलेले बारीकसारीक आवाज उघडे पडतात. आवाज नवे नसतात, गोधडी काढलेली असते. दुसरी भानगड फिल्टरची: ज्या गाडीला वेगळा ऑइल फिल्टर असतो तिच्यात नवा फिल्टर कोरडा असतो, तो भरेपर्यंत पहिल्या स्टार्टला काही सेकंद हेडपर्यंत ऑइल पोचत नाही आणि इंजिन वाजतं. ते वाजू द्यावं, पण त्या वेळी रेस करून बघण्याचा मोह आवरावा.

तिसरी भानगड शुद्ध पुणेरी. बऱ्याच गाड्यांत बदलताना लिटरपेक्षा जरा कमीच ऑइल लागतं, आणि डबा वर्षानुवर्षं लिटरचा मिळत आला. आता 900 मिलीचे डबे निघालेत ते बहुधा याच वादामुळे. उरलेल्या ऑइलचं काय करायचं? मामा म्हणतात, दहातले आठ जण सांगतात, ‘ओता सगळं, पैसे लिटरचे दिलेत.’ मग ऑइल खुणेच्या वर जातं, आतला फिरता भाग ते घुसळतो, फेस येतो, इंजिन जड वाटतं आणि जास्तीचं ऑइल श्वासनळीवाटे एअर फिल्टरच्या खोक्यात जाऊन बसतं. उरलेले दोन जण डबा पिशवीत घालून घरी नेतात. त्यांच्या घरी असे अनेक डबे असतात. प्रत्येकात चमचा-दोन चमचे.

चौथीचा किस्सा आमच्याच सोसायटीतला. एका सद्गृहस्थांनी चारचाकीच्या सर्व्हिसिंगमधून वाचलेलं उत्तम, महागडं ऑइल ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून मोटरसायकलमध्ये ओतलं. आवाज अजिबात आला नाही. गाडी इतकी मऊ झाली की चढावर रेस वाढायची आणि वेग वाढायचा नाही. कारण आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच तिघं एकाच ऑइलमध्ये भिजत असतात. चारचाकीच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. ती इंजिनाला मानवतात, पण क्लचच्या प्लेटा जगतात त्याच मुळी घर्षणावर. म्हणून जपान्यांनी दुचाकीच्या ऑइलसाठी ‘जासो एमए’ अशी वेगळी प्रत ठरवून दिली आणि ती डब्यावर छापलेली असते. सद्गृहस्थांनी डबा वाचला होता, पण त्यावरची किंमत वाचून ते थांबले.

मामांची ही कीर्तनं ऐकताना मला नेहमी रॉबर्ट पर्सिग आठवतो. ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हे त्याचं पुस्तक 1974 चं. माणूस बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकून गेलेला. त्याच्या मोटरसायकलचं इंजिन जाम झालं, म्हणून त्याने ती गॅरेजात दिली. तिथली पोरं मोठ्याने रेडिओ लावून काम करत होती. त्यांनी इंजिन ऐकलं, न ऐकलं आणि निदान केलं: टॅपेट. मग गाडी पुन्हा पुन्हा गॅरेजात गेली, पुन्हा पुन्हा बिघडली. शेवटी सापडली ती ऑइल वर नेणाऱ्या यंत्रणेतली पंचवीस सेंटची एक पिन. ती तुटल्यामुळे वेगात असताना हेडपर्यंत ऑइल पोचतच नव्हतं. पर्सिगने त्यावरून माणसाच्या कामातल्या बेफिकिरीवर गंभीर चिंतन केलं. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटलं की, ‘टॅपेट’ हे निदान मिनेसोटापासून एरंडवण्यापर्यंत एकच आहे, आणि क्वचित कधीतरी ते चुकीचंही असतं.

माझ्याही बाबतीत ते अर्धंच बरोबर निघालं. मामांनी हेडचं झाकण उघडून फट मोजली, पाव आटा सोडली, पाव आटा आवळली. टिकटिक निम्मी झाली. उरलेली निम्मी टिकटिक नव्हतीच. झाकण बंद करून ऐकली तेव्हा ती ‘टिणटिण’ आहे, असं पोरग्याच्या लक्षात आलं. पोरग्याचं वय लहान असल्याने त्याच्या कानावर अजून कोणतंही निदान बसलेलं नाही. तो गाडीभोवती फिरला आणि मागच्या चाकाशेजारी, डाव्या बाजूला, बसून साडीगार्डला एक चापट मारली.

टिण्ण.

साडीगार्ड हा आपल्या मोटरसायकलचा सगळ्यात दुर्लक्षित अवयव. मागे बसणाऱ्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं काहीतरी हवं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिलेलं आहे. तरुण पोरं गाडी घेतल्या घेतल्या ते काढून टाकतात. माझं अजून आहे, कारण मागे बसणारी व्यक्ती साडी नेसत नसली तरी नियम जाणते. त्याचा खालचा बोल्ट सैल होता.

“हा बोल्ट मी उघडलेलाच नाही,” मामा म्हणाले. इथे पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली. “ऑइल बदलायला साडीगार्ड लागत नाही.”

बरोबर होतं. पण वाजायला लागला तो सर्व्हिसिंगनंतरच. मग मध्ये गाडीला हात कोणी लावला? शेजारच्या वॉशिंग सेंटरने. आम्ही तिघं तिथे गेलो. वॉशिंगवाला दादा पाइप बाजूला ठेवून अत्यंत शांतपणे म्हणाला, “काका, त्या गार्डाच्या आत चार महिन्यांचा चिखल होता. घट्ट. दगड झालेला. मी प्रेशर मारून काढला. बोल्ट सैल आधीपासूनच आहे, आतापर्यंत चिखलाने धरून ठेवला होता.”

मी मामांकडे पाहिलं. मामा पिंपळाकडे पाहत होते.

“म्हणजे आवाज तुमचा,” मी दादाला म्हणालो.

“आवाज कसा माझा? मी पाणी मारलं. चिखल कोणाचा होता?”

चिखल सिंहगड रस्त्याचा होता, कात्रजचा होता, थोडा मुळशीचाही असेल. खड्डे ज्यांचे होते त्यांच्यापर्यंत जायचं तर प्रकरण मोठं झालं असतं. पोरग्याने बोल्ट आवळला, खाली रबराचा एक वॉशर घातला आणि पैसे घेतले नाहीत. फेरफार त्या दिवशी कोणाच्याच नावे झाला नाही.

या सगळ्यातून सुटण्यासाठी पुष्कळ लोक विजेच्या स्कूटरकडे वळले आहेत. आमच्या शेजारच्या काकूंनी घेतली आहे, आकुर्डीत बनणारी, 2020 मध्ये परत आलेली तीच जुन्या नावाची. ऑइल नाही, टॅपेट नाही, टायमिंग चेन नाही. पहिले काही आठवडे त्या फार समाधानात होत्या. मग त्यांनी मला जिन्यात थांबवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “वेग घेताना सूंऽऽई असं येतं, ते बरोबर आहे का हो? आणि डिकीत खुळखुळतं काहीतरी.” डिकीत चार्जरची वायर, रेनकोट, छत्री, हातमोजे, किल्ल्यांचा जुडगा आणि भाजीच्या पिशव्या होत्या. एकेक वस्तू काढून प्रत्येक वेळी सोसायटीला फेरी मारायचं आमचं काम अजून चालू आहे. इंजिन जितकं गप्प, तितकं बाकीचं जास्त ऐकू येतं. एकूण कानाला काम पुरवण्याची जबाबदारी गाड्या बनवणाऱ्यांनी कधी टाळलेली नाही.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच. गाडी सर्व्हिसिंगला टाकण्याच्या आदल्या दिवशी तिचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवावा, एकदा सकाळी थंड असताना आणि एकदा फिरून आल्यावर गरम असताना. मेकॅनिकपुढे नक्कल करण्याची वेळ येणार नाही. ऑइलची पातळी गाडी सरळ उभी करूनच बघावी, साइड स्टँडवर कलती असताना दांडी खोटं बोलते. आणि ती दांडी आट्यांत फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली असते. आवाज इंजिनाच्या खालच्या भागातून, जाड, ठोके दिल्याप्रमाणे येत असेल आणि रेसबरोबर वाढत असेल तर तिथेच गाडी बंद करावी आणि ढकलत न्यावी. त्यात पुणेरी अभिमान आड येऊ देऊ नये. बाकी कोणताही टिकटिक-टिणटिण आवाज आला तर मामांकडे जाण्याआधी साडीगार्डचा बोल्ट तपासावा. माझ्या गाडीला त्यासाठी दहा नंबरचा पाना लागतो.